कंदिलाचे वय कसे ओळखावे?

माटुंग्याला दोन रेल्वे स्थानके आहेत. पूर्वेकडचे माटुंगा मध्य रेल्वेवर आणि पश्चिमेकडचे माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. १९५१ पूर्वी पहिले स्थानक ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवर होते, दुसरे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी.बी.सी.आय. रेल्वेवर. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या आणि ही जुनी नावे गेली.

समजा, या भागातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत रेल्वेचा एक जुना हातकंदील सापडला. त्याच्या पत्र्यावर ‘जी.आय.पी.’ ही रोमन अक्षरे ठोकलेली आहेत. हा कंदील किती जुना? घरची माणसे म्हणतील, ‘आजोबांच्या वेळचा.’ जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणेल, ‘शंभर वर्षांचा.’ अक्षरे मात्र एवढेच सांगतात की त्यांचा ठसा १९५१ नंतर मारला जाण्याचे कारण नाही. जी.आय.पी.ची पहिली गाडी १८५३ साली धावली. म्हणजे सुमारे शंभर वर्षांचा पल्ला आपल्या हाती आला. त्याच अक्षरांजवळ माटुंगा वर्कशॉपचे नाव असेल, तर पल्ला एकदम आखडतो. कारण जी.आय.पी.चा डबे आणि वाघिणी दुरुस्त करण्याचा हा कारखाना १९१५ साली उभा राहिला. त्या ठशाचा काळ मग १९१५ ते १९५१ असा ठरतो.

कंदिलाचे वय ठरवण्याची सगळी रीत या उदाहरणात आली. कंदिलावर सहसा वर्ष लिहिलेले नसते. वेगळ्याच कारणासाठी केलेल्या खुणा मात्र त्यावर असतात: मालकी दाखवण्यासाठी, पेटंटचा हक्क सांगण्यासाठी, कायदा पाळण्यासाठी किंवा जाहिरातीसाठी. प्रत्येक खूण ‘याच्या आधीचा नाही’ किंवा ‘याच्या नंतरचा नाही’ अशी एक मर्यादा घालते. अशा मर्यादा एकमेकींवर ठेवल्या की मधला काळ लहान होत जातो.

आधी जात, मग वय

खुणा वाचण्यापूर्वी कंदील जळतो कसा ते पाहावे. मराठीत ज्याला आपण रॉकेल म्हणतो ते इंग्रजी ‘रॉक ऑइल’चे बोलीतले रूप, म्हणजे खडकातले तेल. १८५० च्या दशकात खनिज तेलापासून हे इंधन काढण्याचे प्रयत्न यशस्वी झाले. १८५३ साली आजच्या युक्रेनमधील ल्विव शहराच्या एका रुग्णालयात लुकासिएविच यांनी बनवलेला रॉकेलचा दिवा वापरला गेला. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेक यांची तेलविहीर लागली आणि रॉकेलचा व्यापार वाढला. तेव्हा रॉकेलवर चालावा म्हणून घडवलेला कोणताही कंदील साधारणपणे या काळानंतरचाच.

वातीच्या वादळी कंदिलात काचेच्या दोन्ही बाजूंनी दोन पोकळ नळ्या असतात. पुष्कळांना त्या काचेच्या संरक्षणासाठी वाटतात. त्यांचे खरे काम ज्योतीला हवा पुरवण्याचे आहे. शिकागोच्या जॉन आयर्विन यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस पहिली रचना केली. तिच्यात वर गेलेली गरम हवा थोड्या ताज्या हवेत मिसळून नळ्यांवाटे पुन्हा बर्नरकडे येते. हा ‘गरम हवेचा’ कंदील. परत आलेल्या हवेत ऑक्सिजन कमी असल्याने ज्योत मंद राहते. १८७० च्या दशकात आयर्विन यांनीच दुसरी रचना आणली. तिच्यात जळलेली हवा मधल्या धुराड्यातून बाहेर जाते आणि नळ्या फक्त ताजी, थंड हवा खाली नेतात. हा ‘थंड हवेचा’ कंदील अधिक उजळ असतो. ओळखायची खूण सोपी आहे. नळ्या जिथे वर एकत्र येतात तिथे फुगीर डबी असून तिच्या मधून धुराडे वेगळे वर गेले असेल, तर कंदील थंड हवेचा आणि म्हणून १८७० च्या दशकाच्या आधीचा नाही. वरची मर्यादा मात्र या खुणेवरून मिळत नाही, कारण दोन्ही प्रकार पुढे दीर्घकाळ बनत राहिले.

पंप मारून पेटवायचा कंदील ही वेगळी जात. आपल्याकडे तिला गॅसबत्ती किंवा पेट्रोमॅक्स म्हणतात. लग्नाची वरात, तमाशाचा फड, गणपतीची मिरवणूक, स्काउटची छावणी, गडावरचा मुक्काम अशा सगळ्या ठिकाणी ती गेली. तिची हकिगत पुढे येईल.

पत्र्यावरची अक्षरे

कंदील उलटा करून टाकीचे बूड, बर्नरची किल्ली, वरचे झाकण आणि काच नीट पाहावी. उजेड तिरपा पाडला तर बुजलेली अक्षरेही दिसतात.

जुन्या अमेरिकी कंदिलांवर, विशेषतः डीट्झ कंपनीच्या, पेटंटच्या तारखा ठोकलेल्या असतात. त्या वाचून कंदील त्याच साली बनला असे पुष्कळ जण समजतात. पेटंटची तारीख ही कल्पनेची जन्मतारीख आहे. वस्तू पुढे कितीही वर्षे बनत राहू शकते. अनेक तारखा असतील तर शेवटची घ्यावी. कंदील तिच्या आधीचा नाही, एवढेच म्हणावे. कोलमन या अमेरिकी कंपनीने १९१४ साली पेट्रोलवर चालणारा दाबाचा कंदील बाजारात आणला. तिच्या पुढच्या काळातील अनेक कंदिलांच्या बुडाशी महिना आणि वर्षच ठोकलेले सापडते. आपल्याकडच्या कंदिलांच्या बाबतीत अशी सोय क्वचितच.

भारतात फार मोठ्या संख्येने आलेले कंदील जर्मन होते. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांविषयीचे कायदे झाले. परदेशी माल इंग्रजी मालासारखा भासू नये म्हणून त्याच्यावर मूळ देशाचे नाव घालण्याची प्रथा त्यानंतर रुळली. म्हणून ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द साधारणपणे १८८० च्या दशकाच्या अखेरीनंतरचे. ‘डी.आर.पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचे पेटंट. ही पद्धत १८७७ साली सुरू झाली. ‘डी.आर.जी.एम.’ ही लहान सुधारणांच्या नोंदणीची खूण १८९१ नंतरची. १९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाला आणि ते पेटंट कार्यालय बंद पडले. नवे कार्यालय १९४९ साली म्युनिकला उघडले आणि ‘डी.बी.पी.’ ही नवी अक्षरे आली. त्याच वर्षी देशाची फाळणी झाल्याने ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘डब्ल्यू. जर्मनी’ हा ठसा दिसू लागला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्यावर त्याला अर्थ उरला नाही.

फॉयरहँड कंदिलाचे उदाहरण घ्या. त्याचा निअर यांचा कारखाना सॅक्सनीतल्या बायरफेल्ड गावी होता. युद्धानंतर तो भाग रशियन ताब्यात गेला आणि निअर यांनी पश्चिम जर्मनीत होहेनलोकश्टेट येथे नव्याने काम उभारले. त्यामुळे एकाच नावाच्या कंदिलावरील देशाचा ठसा पाहून युद्धापूर्वीचा आणि युद्धानंतरचा माल वेगळा करता येतो.

ओगलेवाडीचा प्रभाकर

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ओळखीचा असलेला एक कंदील मात्र स्वदेशी होता: ओगले ग्लास वर्क्सचा ‘प्रभाकर’.

कंदिलात पत्र्यापेक्षा काच अवघड. ज्योतीमुळे ती आतून तापते आणि त्याच वेळी पावसाचा थेंब बाहेरून पडतो. काचेचे प्रसरण असमान झाले की ती तडकते. अशा काचा बहुतांशी बाहेरून येत. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभा राहिलेला तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. त्यानंतर १९१६ साली, पहिल्या महायुद्धाने परदेशी मालाची आवक अडली असताना, ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत काच कारखाना काढला. त्यांपैकी गुरुनाथ प्रभाकर ओगले हे काचतज्ज्ञ होते. कारखान्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी नाव पडले. कऱ्हाडचे रेल्वे स्थानकही तेथेच आहे. काचेपासून सुरुवात करून हा कारखाना पुढे संपूर्ण कंदील बनवू लागला. आता तो बंद आहे.

प्रभाकर कंदिलाचे, त्याच्या खोक्याचे किंवा सोबतच्या छापील कागदाचे वय ठरवायला पत्ता उपयोगी पडतो. पत्त्यात ‘औंध स्टेट’ असेल तर तो मजकूर १९४८ पूर्वीचा धरावा, कारण त्या वर्षी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या वर्षी सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि कऱ्हाड उत्तर सातारा जिल्ह्यात आले. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले व उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. म्हणजे ‘उत्तर सातारा’ हे दोन शब्द कागदाला १९४९ ते १९६० या अकरा वर्षांच्या चौकटीत बसवतात. जिल्ह्यांची फेररचना हा नागरिकशास्त्राचा रूक्ष वाटणारा भाग. कंदिलाच्या बुडाशी तो असा कामी येतो.

गॅसबत्ती आणि मेंटल

गॅसबत्ती या नावाने पाइपातला गॅस आठवतो. मुंबईच्या रस्त्यांवर तसे दिवे १८६५ साली लागले. लालबागच्या गॅस कंपनी गल्लीच्या नावात त्या काळाची आठवण राहिली आहे. माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या गॅसबत्तीत मात्र रॉकेलच असते. पंपाने टाकीत हवेचा दाब वाढतो, रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून ती जोराने बाहेर पडते. जाताना ती हवा ओढून घेते आणि प्रयोगशाळेतल्या बुन्सेन बर्नरसारखी निळी ज्योत तयार होते. म्हणूनच पेटवण्यापूर्वी स्पिरिट जाळून नळी तापवावी लागते आणि छिद्र तुंबले की पिन मारावी लागते.

निळी ज्योत फारसा उजेड देत नाही. उजेड देते ते तिच्याभोवतीचे जाळीदार मेंटल. त्याचा शोध व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचा. ते बुन्सेन यांचेच विद्यार्थी. १८८५ साली त्यांनी पहिले पेटंट घेतले, पण त्या मेंटलचा प्रकाश हिरवट होता. १८९१ साली ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे मिश्रण सापडले आणि मेंटल घरोघर गेले. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीने १९१० च्या सुमारास या मेंटलची रॉकेलच्या वाफेशी सांगड घालून आपला दाबाचा दिवा आणला. कंपनीचे प्रमुख माक्स ग्रेट्झ यांच्या नावातील ‘माक्स’ आणि पेट्रोलियममधील ‘पेट्रो’ मिळून पेट्रोमॅक्स हा शब्द झाला. पुढे तो इतका रूढ झाला की कोणत्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच म्हटली जाऊ लागली. म्हणून बोलण्यातल्या नावावर जाऊ नये. टाकीवरील ठसा पाहावा. बर्लिनचा कारखाना युद्धानंतर ग्रेट्झ कुटुंबाच्या हातून गेला. बर्लिनच्या कंपनीचा ठसा असलेली बत्ती त्यामुळे १९१० ते १९४५ या पल्ल्यात धरता येते.

मेंटलसाठी लागणारे थोरियम आले कोठून? १९०९ साली शॉम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर, मणवाळकुरिची येथे, मोनाझाइट हे थोरियमचे खनिज असलेली वाळू आढळली. युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला तिचा सुगावा लागला होता. आपल्या किनाऱ्यावरची वाळू परदेशी जाई आणि मेंटलच्या रूपाने विकत परत येई. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. १९५२ साली केरळात आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली आणि १९५५ साली माटुंग्याहून काही किलोमीटरवर असलेल्या तुर्भे येथे, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना उभा राहिला. तेथे बनणारे थोरियम नायट्रेट मेंटलच्या धंद्याला लागत असे. अणुशक्तीच्या कार्यक्रमासाठी जपलेले मूलद्रव्य वरातीतल्या दिव्यातही होते, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४०० कोटी वर्षे आहे. न फाटलेले जुने मेंटल जवळ असण्याने मोठा धोका नसतो, पण जळलेल्या मेंटलची भुकटी श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाऊ देऊ नये. ती मुलांच्या हाती देऊ नये. १९९० च्या दशकापासून काही कंपन्यांनी थोरियमऐवजी इट्रियम वापरण्यास सुरुवात केली.

पत्ता: मुंबई १९

विकणाऱ्याची चिठ्ठी हा दुर्लक्षित पण फार बोलका पुरावा आहे. माटुंग्याच्या दुकानाच्या चिठ्ठीवर ‘बॉम्बे १९’ असेल तर ती पिनकोड येण्यापूर्वीची समजावी. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला आणि जुना १९ हा आकडा ४०० ०१९ च्या शेवटी जाऊन बसला. ‘बॉम्बे ४०० ०१९’ असेल तर चिठ्ठी १९७२ नंतरची. इंग्रजीतही ‘मुंबई’ असेल तर बहुधा १९९५ नंतरची, कारण शहराचे नाव तेव्हा अधिकृतपणे बदलले. अर्थात दुकानदार छापून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरतो. म्हणून अशा मर्यादेत चार-दोन वर्षांची ढील ठेवावी.

भारतीय कंदिलावर आय.एस.आय. चिन्ह असेल तर तो १९५२ पूर्वीचा असू शकत नाही, कारण त्या चिन्हाचा कायदाच त्या वर्षी झाला. किंमत ‘नये पैसे’ अशी छापली असेल तर ती १ एप्रिल १९५७ नंतरची. टाकीचे माप फक्त पिंटात असेल तर ती बहुधा १९६२ पूर्वीची. मेट्रिक मापे तेव्हा सक्तीची झाली. ‘५०० सी.पी.’ ही मेणबत्तीच्या हिशेबातली प्रकाशाची खूण मात्र वय सांगत नाही. १९४८ साली कँडेला हे आंतरराष्ट्रीय एकक ठरले, तरी व्यापारात ‘सी.पी.’ चालूच राहिले.

फसवणाऱ्या खुणा

कंदील ही वापरायची वस्तू. काच फुटली की बदलली जाते, बर्नर झिजतो, टाकीला डाग देतात. त्यामुळे एका कंदिलात तीन वेगवेगळ्या काळांचे भाग असू शकतात. मुठीच्या स्क्रूला अधिक चिन्हासारखी फुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा नाही, कारण फिलिप्स यांचे त्याविषयीचे पेटंट १९३६ चे आहे. पण त्यावरून टाकीचे वय ठरत नाही. प्रत्येक भागाचे वय वेगळे काढावे आणि सर्वांत जुना भाग पाहून संपूर्ण कंदिलाला तारीख देऊ नये.

शोभेसाठी नव्याने बनवलेले पितळी ‘रेल्वे कंदील’ बाजारात पुष्कळ मिळतात. अशा कंदिलांची वात नीट वरखाली होत नाही, धुराड्याला काजळी धरलेली नसते, हवेच्या नळ्या कधी कधी आतून बंदच असतात. जो कंदील जळूच शकत नाही तो कामाचा कंदील नव्हता. अक्षरांपेक्षा ही परीक्षा अधिक भरवशाची आहे.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांना घरचे, शेजारचे कंदील पाहून नोंदी करायला सांगावे. तीन रकाने पुरेत: खूण, ‘याच्या आधीचा नाही’, ‘याच्या नंतरचा नाही’. समजा, एका बत्तीवर बर्लिनच्या कंपनीचा ठसा आहे, चिठ्ठीवर ‘बॉम्बे १९’ आहे आणि मुठीला फुलीच्या खाचेचा स्क्रू आहे. टाकी १९१० ते १९४५ मधली. ही चिठ्ठी साधारण १९७२ पर्यंतच्या एखाद्या विक्रीची. स्क्रू दुरुस्तीचा असू शकतो. तो टाकीचा काळ बदलत नाही. उत्तर ‘१९१० ते १९४५’ असेच लिहावे. ‘१९२७’ लिहिले तर ते नेमके दिसेल, पण त्याला पुरावा नाही. मोजमापातली त्रुटी आपण भौतिकशास्त्रात शिकवतो, तीच शिस्त इतिहासातही लागते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. जुन्या टाकीत पंपाने दाब भरून बत्ती पेटवण्याचा प्रयोग शाळेत करू नये. गंजलेला पत्रा फुटू शकतो. आणि कंदील चिंच, ब्रासो किंवा पॉलिश कागदाने चकचकीत करू नये. उथळ ठसे, रंगाचे थर, कागदी चिठ्ठ्या आणि काजळी घासताना निघून जातात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, छायाचित्र घ्यावे आणि वही भरावी.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिव्यांचा सुंदर संग्रह आहे. समया, लामणदिवे, घडीव दिवट्या यांना असे घर मिळाले. ज्या साध्या पत्र्याच्या कंदिलाखाली आपल्या आधीच्या पिढ्यांनी अभ्यास केला, तो बहुतेक वेळा भंगारवाल्याच्या गोणीत जातो. शाळेच्या कपाटात त्यांतला एक ठेवता आला तर ठेवावा. मात्र त्याच्या पाटीवर ‘सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा’ असे ठोकून देऊ नये. कोणत्या खुणेवरून कोणता पल्ला काढला ते लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ते तपासून पाहील आणि जमल्यास आणखी आखडून देईल.